वीज जोडणी : आहे

त्यांच्या खांद्याला खाकी कापडाची पिशवी असायची आणि पिशवीत दस्तीत गुंडाळलेला शंभर वॅटचा बल्ब. सोबत होल्डर, चार-पाच हात वायर, टेस्टर आणि एक दोनशे पानी वही. पहिल्या दिवशी ऑफिसात आले तेव्हा मी विचारलं, सर, हे काय सामान आणलंय? ते म्हणाले, "मला कामाला लावलंय ना साहेब. हे माझं हत्यार."

मी तेव्हा शिक्षण विभागात विस्तार अधिकारी होतो. जालना जिल्ह्यातलाच एक तालुका. कोणता ते लिहीत नाही, कारण त्या ऑफिसात आज बसणाऱ्यांचा यात काही दोष नाही. सरांचंही नाव लिहीत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. माझं नाव अर्जावर आहे आणि तिथं ते पुरेसं आहे.

वरून आदेश आला होता की जिल्हा परिषदेच्या शाळांना संगणक द्यायचे आहेत, प्रत्येक तालुक्यानं आपला आराखडा करून पाठवावा. कोणत्या शाळेला किती यंत्रं, कोणत्या वर्षी, खोली कोणती, शिकवणार कोण. सर एका खेड्यावरच्या शाळेत गणित शिकवायचे. तिथले दोन मेलेले संगणक त्यांनी स्वतः उघडून चालू केले होते, एवढ्या भांडवलावर त्यांना आमच्याकडं प्रतिनियुक्तीवर आणलं. तालुक्यात एवढंही येणारा दुसरा माणूस नव्हता.

आम्ही आराखडे कसे करायचो ते आधी सांगतो, नाहीतर त्यांचं वेगळेपण कळणार नाही. मुख्याध्यापकांची बैठक बोलवायची. मी उभा राहून रकाने वाचायचो. खोली? आहे. कुलूप? आहे. वीज जोडणी? आहे. सगळे एका सुरात आहे म्हणायचे आणि खाली मान घालून बरोबरची खूण करायचे. बिल थकून वीज तोडलेली असली तरी भिंतीवर मीटरची पेटी असायचीच, आणि पेटी आहे म्हणजे जोडणी आहे असा आमचा पूर्वीपासूनचा रिवाज होता. यात आपण खोटं लिहितोय असं कुणालाच वाटत नसे. मलाही नाही. जेवायच्या सुट्टीपर्यंत तालुक्याचा आराखडा तयार व्हायचा.

सर त्या बैठकीत मागं उभे होते. बैठक संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "जाऊन पाह्यलं का कुणी?"

हे त्यांचं पालुपद. पुढं ऑफिसात कुणी काही सांगितलं की शेखभाई शिपाई त्यांच्या आधीच म्हणायचे, "जाके देखा क्या?" बाहेर पाऊस पडून राह्यलाय म्हटलं तरी तेच. सर हसायचे आणि खरंच खिडकीपाशी जाऊन बघायचे.

दुसऱ्या दिवसापासून ते निघाले. एक दिवस एक शाळा. सकाळची घंटा व्हायच्या आत पोचायचं, बल्ब लावायचा आणि शाळा सुटेपर्यंत त्याच्याखाली बसून राहायचं. वीज कधी आली, कधी गेली, किती जोराची, सगळं वहीत. जोर मोजायला यंत्र होतं त्यांच्याकडं, पण ते वापरत नसत. म्हणायचे, "मीटरचा आकडा मला कळतो. सरपंचाला बल्ब कळतो." म्हणून उजेडाच्या रंगावरून त्यांनी आपल्या पायऱ्या केल्या होत्या. दूध, हळद, चहा. दूध म्हणजे पांढरा लख्ख, संगणक चालणार. हळद म्हणजे चालला तर चालला. चहा म्हणजे नुसती लाल तार, यंत्र लावाल तर जळेल. वहीत असं लिहिलेलं असायचं : दहा पाच, दूध. अकरा वीस, हळद. बारा ते अडीच, न्हाई. अडीचनंतर चहा. अनोळखी माणसानं वही उघडली असती तर त्याला वाटलं असतं एखाद्या गृहिणीची यादी आहे.

बल्ब पेटल्याशिवाय ते त्या शाळेत चहा घेत नसत. शपथ वगैरे काही नव्हती, पण नाही म्हणजे नाही. ज्या शाळेत वीजच नाही तिथून उपाशीच यायचे. शेखभाई कपबशी पुढं करत विचारायचे, "सर, आज बल्बनं चाय पिली का न्हाई?" त्यावरून आम्हाला कळायचं आजची शाळा कशी निघाली.

आराखड्याच्या छापील नमुन्यात नसलेला एक रकाना त्यांनी स्वतः हातानं आखला होता : चावी कुणाकडं. मी म्हटलं, सर, हे कुणी विचारलेलं नाही. ते म्हणाले, खोली आहे, कुलूप आहे, पण चावी जर जालन्याहून येणाऱ्या मुख्याध्यापकांच्या खिशात असेल तर संगणक एसटीच्या वेळेवर चालणार. एका शाळेपुढं त्यांनी तसंच लिहून ठेवलं होतं : चावी जालन्याला मुक्कामी. मी ती ओळ खोडायला लावली. त्यांनी खोडली आणि खाली पुन्हा लिहिली.

एका आडवळणाच्या शाळेत वीज जाऊन बसली होती म्हणून त्यांनी ओसरीवर खडूनं भलामोठा कळफलक काढला. आणि पोरांना आपापलं नाव उड्या मारून लिहायला लावलं. एका मुलीचं नाव एवढं लांब होतं की आडनावापर्यंत येता येता ती दमून खाली बसली. ही गोष्ट ते ज्याला त्याला सांगायचे. बाकी स्वतःबद्दल काही सांगत नसत. जन्म धावड्याचा, घरची थोडी शेती, बायको गेलेली, मुलगी दिल्या घरी, एवढंच मला माहीत होतं. आणि तेही दोन वर्षं एका टेबलावर डबा खाऊन.

खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायची त्यांना सवय होती. एकदा गटशिक्षणाधिकारी साहेबांच्या केबिनमधून निघाले आणि साहेब आत बसलेले असताना पंखा बंद करून आले. साहेब ओरडले, अहो, मी आहे अजून. सर दारातूनच म्हणाले, "हां साहेब, चुकलंच. माणूस आहे का ते बघायला पाह्यजे होतं." ते टोचून बोलले की सरळ बोलले, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शेजारच्या तालुक्यांचे आराखडे केव्हाच गेले होते. आमचा होत नव्हता, कारण एक माणूस गावोगाव बल्ब लावून बसला होता. बैठकीत मला बोलणी बसायची. मी ती सरांना ऐकवायचो. ते म्हणायचे, "साहेब, संगणक जल्दी आला अन् डब्यात बसला, तर त्याचा काय उपयोग? उशिरा येऊ द्या, पण चालू द्या." त्यांचं गणित सोपं होतं. ज्या शाळांत दूध, त्यांना पहिल्या वर्षी. हळदवाल्यांना दुसऱ्या. ज्यांच्याकडं वीजच नाही अशा एकोणीस शाळा निघाल्या. त्यांना तिसऱ्या वर्षी, आणि त्याआधी त्यांची वीज जोडून घ्यायची. मला वाटतं संगणकाचा त्याहून शहाणा आराखडा आमच्या जिल्ह्यात कुणी केला नसेल. तो कधी कुठं पोचला नाही.

शेवटच्या तारखेला त्यांची एक शाळा दुसऱ्यांदा बघून यायची राहिली होती. तिकडं जाणारी एकच बस, सकाळी अकराची. परत यायला संध्याकाळ. आमच्याकडं अशा वेळी शेवटच्या पानावर सही आधीच घेऊन ठेवायची पद्धत होती. मी कोरं पान पुढं केलं. ते म्हणाले, "भरून झालं की मला एकदा दाखवा, मंग करतो सही."

मी म्हटलं, "सर, तुम्ही येईपर्यंत ऑफिस बंद होईल. आणि दोन वर्षं एका टेबलावर जेवून राह्यलो आपण. माझ्यावर भरोसा न्हाई का?"

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. मग वही माझ्या टेबलावर ठेवली, म्हणाले, "यात आहे तसं भरा," आणि सही केली. माझ्या माहितीत न बघता केलेली त्यांची ती एकच सही.

दुपारी तीनच्या सुमारास संगणकावर आराखडा भरणाऱ्या ऑपरेटर बाईंनी मला हाक मारली. वीज जोडणी नाही असं टाकलं की शाळा यादीतून उडत होती. पहिल्या वर्षाला नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्यालाही नाही. नमुन्यात थांबायची सोयच नव्हती, आहे किंवा नाही. एकोणीसच्या एकोणीस शाळा पडद्यावर लाल झाल्या होत्या. साहेब जालन्याला बैठकीत होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, यादी कमी होऊ देऊ नका, काय ते तुम्ही बघा. आणि ठेवला.

बाईंनी विचारलं, "सरांना विचारायचं का?"

मी मोबाइल कानाला लावला, थोडं थांबलो आणि म्हटलं, "लागत न्हाई." मी नंबर दाबलाच नव्हता.

मग मी म्हटलं, टाका ‘आहे’. त्यांनी एकोणीस वेळा टाकलं. मी शेजारी उभा राहून मोजत होतो, एखादी राहू नये म्हणून. तेव्हा मला वाटलं होतं की मी शाळांचं भलं करतोय. संगणक एकदा दारात आले की वीज मागोमाग येईलच. आज तसं म्हणवत नाही, पण तेव्हा खरंच वाटलं होतं, तेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी विचारलं, "गेलं का?"

"गेलं."

"आहे तसं?"

"आहे तसं."

त्या दिवशी त्यांनी स्वतः शेखभाईंना चहा आणायला सांगितला, सगळ्या ऑफिसला. वही माझ्याकडंच राहिली. फाइल माझ्याकडं होती, तेव्हा वही तिच्यासोबत असावी असं तेच म्हणाले.

वर्षाच्या आत खोकी आली. सरांनी रस्त्यात टेम्पो पाहिला आणि तो कुठल्या गावाकडं वळला तेही पाहिलं. ऑफिसात येऊन माझ्यापुढं उभे राहिले. त्या शाळेला कसं काय गेलं, म्हणाले. मी म्हटलं, वरून वाढवून दिलं असेल. त्यांनी "बरं" म्हटलं आणि कुठं कुठं गेलं त्याची यादी मागून घेतली. त्यानंतर कुणी न सांगता ते वीज ऑफिसात जाऊन बसू लागले. अर्ज, विनंत्या, वायरमनच्या घरी चकरा. एकोणीसपैकी तीन शाळांची वीज त्यांनी जोडून आणली. सोळा राहिल्या.

दोन पावसाळ्यांनंतर तपासणी आली. कुठं खोक्यांवर तांदळाची पोती रचलेली, कुठं उंदरांनी वायरी खाल्लेल्या, एका ठिकाणी वाळवी. सोळा शाळांत एकदाही बटण दाबलेलं नव्हतं. चौकशी आमच्या सभागृहात झाली. आराखडा कुणी केला असं विचारलं तेव्हा शेवटचं पान उघडलं गेलं.

सरांनी छापील प्रत तेव्हा पहिल्यांदा पाहिली. एकेक पान उलटत गेले. बोट त्याच रकान्यावरून खाली सरकत होतं. शेवटच्या पानावर आपली सही पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. उजेड किती पडतोय ते बघताना बल्बकडं बघायचे, तसे बघत होते. म्हणाले, "माझी वही मागवा. त्यात सगळं आहे."

चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "वही अभिलेखात मिळून येत नाही."

ती आदल्या संध्याकाळी मी घरी नेली होती. घरच्या लोखंडी कपाटावर, जुन्या सुटकेसखाली. मला निवृत्तीला आठ महिने राहिले होते, आणि साहेबांनी मला बाजूला घेऊन तेवढीच आठवण करून दिली होती. बाकी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

वही तुमच्याकडं दिली होती, हे वाक्य सर कधीही म्हणू शकत होते. मी वाट बघत बसलो होतो. ते म्हणाले नाहीत.

त्यांची प्रतिनियुक्ती संपवली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टाकलं. सेवापुस्तकात शेरा आला, त्यानं मुख्याध्यापकपद गेलं, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांना कुणी संगणकाला हात लावू दिला नाही. माझ्या निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि स्वच्छ कारकिर्दीवर भाषण झालं. शेखभाई मागच्या भिंतीला टेकून उभे होते. हार घालायला मात्र आले नाहीत.

मध्ये एकदा जालन्याच्या बसस्टँडवर ते दिसले. मी पेपरच्या स्टॉलमागं सरकलो. तेच चालत आले आणि म्हणाले, "साहेब, गुडघा कसा आहे?" मी बरा आहे म्हटलं. त्यांची बस लागली. पिशवी खांद्याला होतीच.

याला बरीच वर्षं झाली. गेल्या साली कपाट हलवताना सुटकेससकट वही खाली पडली. मी तिथंच बसून ती पहिल्यापासून वाचली. दूध, हळद, चहा, न्हाई. वाचून झाल्यावर जिल्हा परिषदेच्या नावानं अर्ज लिहिला. एकोणीस शाळांची माहिती मी बदलली, त्यातल्या सोळांत संगणक वाया गेले, वही मी लपवली, शेरा माझ्या नावावर घ्यावा. अर्ज आणि वही घेऊन एसटीनं राजूर, केदारखेडा, भोकरदन करत धावड्याला गेलो. पाठवण्याआधी त्यांना दाखवायचा होता. एकदा न दाखवता पाठवून झालं होतं.

ते घरापुढं खाटेवर बसून शेंगा फोडत होते. वाळले होते. मला ओळखलं, सरकून जागा दिली. मी वही मांडीवर ठेवली तेव्हा त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, पण उघडली नाही. अर्ज मात्र चष्मा लावून दोनदा वाचला.

मग म्हणाले, "या सोळा शाळा तुम्ही पाह्यल्या का?"

"नाही."

"एक बी?"

"एक बी न्हाई."

"मंग हे बी बसूनच लिहिलं की."

ते आत गेले आणि सेवापुस्तकाची झेरॉक्स घेऊन आले. शेऱ्यावर बोट ठेवून मलाच वाचायला लावलं. प्रत्यक्ष खातरजमा न करता माहितीवर सही केली व कार्यालयाची दिशाभूल केली.

"यातलं पहिलं अर्धं बराबर आहे," ते म्हणाले. "सगळ्या तालुक्याला विचारत फिरलो, जाऊन पाह्यलं का. अन् स्वतः न पाहता सही केली. म्हणून त्या दिवशी गप बसलो. ते माझं हाय, ते राहू द्या. दुसरं अर्धं तुमचं. तेवढं तुम्ही न्या."

मी म्हटलं, "सर, तुमचं मुख्याध्यापकपद गेलं."

"गेलं," ते म्हणाले. "त्याचं दुःख झालं. न्हाई झालं असं कशाला म्हणू? पण ते काय तुम्ही पिशवीत घालून आणलंय का?"

नंतर बराच वेळ आम्ही दोघं शेंगा फोडत बसलो. सुनेनं चहा आणला, म्हणजे पुतण्याच्या बायकोनं. सरांनी सवयीनं वर दिव्याकडं पाहिलं. वीज होती. मग कप घेतला.

निघताना त्यांनी ती खाकी पिशवी आणून दिली. म्हणाले, आताच्या एलईडीत दूध-हळद कळत नाही, वीज कमी असो की जास्त, तो आपला पांढराच दिसतो. हा जुना तारेचा आहे, शेवटचा, एसटीत मांडीवर धरा. मी भोकरदनपर्यंत उभ्यानं आलो, गर्दी होती. पुढं एका बाईनं जागा दिली, तेव्हा पिशवी मांडीवर घेतली.

आतापर्यंत सातच शाळा झाल्या. गुडघ्यामुळं आठवड्याला एकीपेक्षा जास्त होत नाही. दोन शाळा पटाअभावी बंद पडल्यात, तिथं कुलूप बघून आलो आणि चावी कुणाकडं ते विचारून आलो. एका ठिकाणी आमची दोन खोकी अजून आहेत, फोडलेलीसुद्धा नाहीत, त्यांच्यावर पाण्याची घागर ठेवतात. अर्ज नव्यानं लिहितोय. जे पाहिलं तेवढंच त्यात आहे, आणि एकेका शाळेपुढं, इथं मी ‘आहे’ असं लिहिलं होतं, हे वाक्य आहे.

मागच्या मंगळवारी घाटाच्या पायथ्याच्या शाळेत गेलो होतो. हेडबाई तरुण आहेत. जुनं काही माहीत नाही त्यांना. म्हातारा माणूस बल्ब लावून का बसलाय, हे त्यांनी विचारलं नाही, चहा मात्र मागवला. मी म्हटलं, बाई, ठेवा, बल्ब पेटला की घेतो. त्यांनी कपावर बशी झाकली. मधली सुट्टी झाली, पोरं जेवली, हात धुऊन वर्गात गेली. मी भिंतीला टेकून बसलो होतो.

शाळा सुटेपर्यंत वीज आली नाही. चहाला साय धरली होती. मी वही उघडली आणि त्यांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं : न्हाई.